पंप 'दौड़ता' नाही, 'चलता' है : 'रन'च्या हिंदी अर्थांविषयी

प्रश्न असा आला आहे : "मी साताऱ्याची. सहा महिन्यांपूर्वी इंग्रजीतून हिंदीत यंत्रांच्या पुस्तिका करायला लागले. शेतीपंपाच्या पुस्तिकेत 'रन' हा शब्द सतरा वेळा आला. कोशात पहिला अर्थ 'दौड़ना'. तो इथे बसत नाही हे कळत होतं, म्हणून मराठीत जसं सुचलं तसं हिंदीत लिहिलं. तपासणाऱ्यांनी निम्मी वाक्यं लाल करून परत पाठवली, कारण कुठेच दिलं नाही. 'रन'चा हिंदीत नेमका अर्थ काय आणि तो कुठे कसा वापरायचा?"

मी नागपूरची. यंत्रांच्या पुस्तिका, दवाखान्यांची पत्रकं आणि कोर्टाची कागदपत्रं हिंदीत आणि मराठीत करण्यात माझी पंचवीसहून जास्त वर्षं गेली. तुमच्या प्रश्नातले चार शब्द मला सगळ्यात महत्त्वाचे वाटले : 'मराठीत जसं सुचलं तसं'. लाल रेघा बहुतेक तिथेच पडल्या असणार. इंग्रजीशी झगडताना आपण सावध असतो. हिंदीकडे वळलं की सैल होतो, कारण धाव, चाल, भाग हे सगळे धातू दोन्ही भाषांत ओळखीचे दिसतात. दिसतात एकसारखे, पण त्यांच्या हद्दी वेगळ्या आहेत.

आधी 'नेमका अर्थ' हा शोध सोडून द्या. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या संपादकांनी 'रन' या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ वेगळे काढले आहेत. फादर कामिल बुल्के यांचा १९६८ सालचा इंग्रजी-हिंदी कोश माझ्या टेबलावर अजूनही असतो आणि मी तो रोज उघडते, पण कोश पर्याय समोर ठेवतो, निवड आपली आपल्यालाच करावी लागते. निवड करताना मी एकच गोष्ट विचारते : इथे 'रन' कोण करतंय? पाय असलेला जीव, यंत्र, पाणी, रस्ता, शिक्षा, की संपत आलेला साठा? हिंदी क्रियापद कर्त्याकडे बघून ठरतं. इंग्रजी शब्दाकडे बघत बसलात तर ते सापडणार नाही.

नागपूर स्टेशनवर कधी गाडीची वाट बघत बसलात तर घोषणा लक्ष देऊन ऐका. इंग्रजीत गाडी 'रनिंग लेट' असते. हिंदीत तीच गाडी 'देरी से चल रही है'. आणि मराठीत 'उशिराने धावत आहे'. गाडी तीच, उशीर तोच, पण मराठीत ती धावते आणि हिंदीत चालते. आपली वर्तमानपत्रंही लोकल 'धावल्या' असंच लिहितात. म्हणून मराठी माणूस गाडीबद्दल हिंदी लिहायला बसला की 'दौड़ना' सहज हातून उतरतं. हिंदीतही गाडी 'दौड़ती' है, पण तेव्हा ती पटरीवरून सुसाट निघालेली असते. वेळापत्रक, फेऱ्या, उशीर याबद्दल बोलताना 'चलना'. 'यह बस रविवार को नहीं चलती.' 'आज से दो विशेष गाड़ियाँ चलेंगी.'

यंत्रांच्या मजकुरात 'रन' आला की दहातल्या आठ वेळा उत्तर 'चलना' किंवा 'चलाना' हेच असतं. मशीन आपण होऊन चालू असेल तर 'चलना', माणूस ती चालवत असेल तर 'चलाना'. पण तुमच्या पुस्तिकेत आणखी एक बारकावा असणार. 'स्टार्ट द पंप' आणि 'रन द पंप' या दोन वेगळ्या सूचना आहेत. पहिली 'पंप चालू करें', म्हणजे बटण दाबा. दुसरी 'पंप चलाएँ', आणि तिथे ठरावीक वेळ दिलेला असेल तर 'पंप को दस मिनट चलने दें'. दोन्हीकडे 'चालू करें' लिहिलं की वाचणारा बटण दाबून निघून जातो आणि दहा मिनिटं नुसती वाक्यात राहतात.

'ड्राय रन'ची सूचना तर प्रत्येक पंपाच्या पुस्तिकेत असते. माझ्याकडे तपासायला आलेल्या एका मसुद्यात 'पंप को सूखा न दौड़ाएँ' असं होतं. दुसऱ्यात 'सूखा पंप न चलाएँ' होतं, आणि हे वाक्य पहिल्याहून धोक्याचं, कारण ते व्याकरणात बरोबर आहे. त्याचा अर्थ होतो, जो पंप बाहेरून कोरडा आहे तो चालवू नका. शेतकरी पंप पुसून कोरडा ठेवतो आणि ओल्या पंपाला हात लावायला घाबरतो. त्याने यातून काय समजायचं? सांगायचं असतं ते असं की आत पाणी नसताना पंप फिरू देऊ नका, कारण आतल्या सीलला थंड ठेवणारं आणि वंगणाचं काम करणारं ते पाणीच असतं. ते नसलं की सील तापून खराब होतं. म्हणून 'पंप को बिना पानी के न चलाएँ'. 'ड्राय' या शब्दाचं भाषांतर केलं नाही म्हणून वाक्य वाचलं.

मराठी आडवी येते ती अशी, आणि हा अनुभव माझा स्वतःचा आहे. सुरुवातीच्या काळात एका कंपनीच्या कूलरची पुस्तिका मी हिंदीत केली होती. इंग्रजीत होतं, आधी काही मिनिटं पंप 'रन' करा म्हणजे जाळ्या भिजतील, मग पंखा 'रन' करा. पंपाचं मी बरोबर लिहिलं. पंख्यापाशी आले आणि लिहिलं, 'इसके बाद पंखा लगाएँ'. आपण घरात 'पंखा लाव' असंच म्हणतो ना! छापून झाल्यावर जबलपूरकडच्या विक्रेत्याचा फोन आला की गिऱ्हाइकं विचारताहेत, खोक्यात वेगळा पंखा का नाही. हिंदीत 'पंखा लगाना' म्हणजे तो बसवणं, छताला किंवा खिडकीत जोडणं. सुरू करायचा असेल तर 'पंखा चलाएँ', घरगुती बोलण्यात 'पंखा चला दो'. पुढची संपूर्ण छपाई थांबवून एक शब्द बदलला. तेव्हापासून मी हिंदी मसुदा झाला की फक्त क्रियापदं वाचत एक फेरी मारते आणि प्रत्येक ठिकाणी विचारते, हे हिंदीतून आलं की माझ्या स्वयंपाकघरातून? तुम्हीही 'लगाना' शोधून बघा. टीव्ही, लाइट, गाणी, मोटर, सगळीकडे तो घुसतो.

आता पायांनी धावणाऱ्यांकडे वळते, कारण मराठी माणसासाठी इथेच सगळ्यात जास्त खाचखळगे आहेत. हिंदीत धावण्याला दोन शब्द आहेत, 'दौड़ना' आणि 'भागना'. बोलण्यात दोन्ही सर्रास एकमेकांच्या जागी येतात : 'बच्चा दौड़कर आया', 'बच्चा भागकर आया'. पण 'भागना'त पळ काढण्याची छटा कायम दडलेली असते आणि पुढे 'जाना' लागलं की ती उघड होते. मुलांच्या एका गोष्टीत 'मुलगी आईकडे धावत गेली' या अर्थाच्या इंग्रजी वाक्याचं कोणी 'लड़की माँ के पास भाग गई' असं केलं होतं. हिंदी वाचकाला ती मुलगी घर सोडून निघून गेल्यासारखी वाटते. नुसतं 'लड़की भाग गई' म्हटलं तर मोहल्ल्यात वेगळीच चर्चा सुरू होते, जशी आपल्याकडे 'पळून गेली'वर होते. तिथे 'दौड़ती हुई माँ के पास गई' हवं. उलट चोर, कैदी, घाबरलेलं जनावर यांना 'भागना'च शोभतं : 'चोर भाग निकला', 'कुत्ता भाग खड़ा हुआ'. आपल्या मराठीत 'भागणे' म्हणजे थकणे, पुरणे किंवा गणितातला भागाकार. कोणी मराठीभाषक हिंदीत सहज 'चल-चलकर भाग गया' म्हणाला तर त्याला थकल्याचं सांगायचं असतं आणि समोरच्याला तो पळाल्याचं ऐकू येतं.

'धाव'चंही तसंच. आपलं रोजचं 'धावणे' हिंदीत रोजचं क्रियापद म्हणून चालत नाही. हिंदीत 'धावक' आहे, स्पर्धेत धावणारा. 'धावा' आहे, पण तो हल्ल्याचा : 'पुलिस ने अड्डे पर धावा बोला'. मराठीत द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावा म्हणजे आर्त हाक. एकाच शब्दाने एका भाषेत देवाला बोलवायचं आणि दुसरीत चढाई करायची! आणि क्रिकेटच्या 'धावा' तर फक्त मराठीच्या. हिंदीत त्याला सरळ 'रन' म्हणतात, आणि तो पुल्लिंगी : 'सौ रन बनाए', 'दो रन लिए'. आपल्या डोक्यात धाव स्त्रीलिंगी असते म्हणून 'रन बनाई' तोंडून निघतं. आपण 'धावचीत' म्हणतो, हिंदी समालोचक 'रन आउट'च म्हणतो. मराठी क्रीडा पत्रकारितेने त्रिफळाचीत, पायचीत, यष्टिचीत असे शब्द रुजवले याचा मला फार अभिमान आहे, पण हिंदी मजकुरात त्यांच्या धर्तीवर नवे शब्द पाडू नका. पायचीतला हिंदीत 'पगबाधा' आहे, तो मात्र जरूर वापरा.

म्हणजे 'दौड़ना' फक्त पायांपुरतं, असं समजू नका. जिथे इंग्रजीचा 'रन' सरसर पसरण्याचा किंवा भराभर फिरवण्याचा भाव घेऊन येतो, तिथे हिंदीचं 'दौड़ना' फार सुंदर बसतं. 'ख़ुशी की लहर दौड़ गई.' 'बदन में सिहरन दौड़ गई.' 'नसों में ख़ून दौड़ता है.' मजकुरावरून नजर फिरवायची तर 'एक नज़र दौड़ा लीजिए'. डोकं चालवायचं तर 'दिमाग़ दौड़ाओ'. ही ठिकाणं मराठीतून सुचत नाहीत, कारण आपली लाट उसळते, आपल्या अंगावर शहारा येतो, आपण नजर फिरवतो. कार्यालयात नुसताच पत्रव्यवहार होत राहिला तर मराठी माणूस कागदी घोडे नाचवतो, हिंदी माणूस 'काग़ज़ी घोड़े दौड़ाता है'. घोडे तेच, कागद तोच, फक्त आपल्याकडे ते नाचतात. अशा जोड्या मी वहीत टिपून ठेवते. तुम्हीही तशी वही सुरू करा. कोशात त्या शेजारी शेजारी सापडत नाहीत.

पातळ पदार्थांना 'बहना'. 'रनिंग वॉटर' म्हणजे 'बहता पानी', हात धुण्याच्या सूचनेत 'बहते पानी के नीचे हाथ धोएँ'. नाक 'बहती है', आणि इथे लिंग सांभाळा : मराठीत नाक नपुंसकलिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी. 'बच्चे की नाक बह रही है', 'बच्चे का नाक' नाही. दवाखान्याच्या पत्रकात मुलाला ताप आला तर इंग्रजी 'रनिंग अ टेंपरेचर' म्हणतं आणि हिंदीत 'रन' पूर्ण नाहीसा होतो : 'अगर बच्चे को बुख़ार हो'. संगणकाकडून आलेल्या एका मसुद्यात या वाक्यात तापमान दौडत होतं. रात्री दोन वाजता तापाने फणफणलेलं मूल मांडीवर घेऊन जी बाई ते पत्रक वाचणार आहे तिचा चेहरा डोळ्यांसमोर आणा. तिच्याजवळ अर्थ लावत बसायला वेळ नाही. घराण्यात मधुमेह आहे का, या प्रश्नातही 'रन' असतो. हिंदीत विचारायचं, 'आपके परिवार में किसी को शुगर है?' लोक 'शुगर'च म्हणतात, तेच छापा.

कपड्यांच्या चिठ्ठीवर रंग 'रन' होतो. हिंदीत 'रंग छूटता है' म्हणजे धुताना निघून दुसऱ्या कपड्याला लागतो आणि 'रंग उड़ता है' म्हणजे फिका पडतो, आपला विटतो. दोन्ही वेगळ्या तक्रारी आहेत, मिसळू नका.

कोर्टाच्या कामात मात्र एकही चूक परवडत नाही. एकाच खटल्यात अनेक शिक्षा झाल्या की त्या 'रन कन्करंटली', म्हणजे एकाच वेळी भोगायच्या, असा आदेश अनेकदा असतो. त्याला हिंदीत पक्कं वाक्य आहे : 'सभी सज़ाएँ साथ-साथ चलेंगी'. आपण मराठीत 'शिक्षा एकत्रित भोगायच्या' म्हणतो, म्हणून काही जण हिंदीत 'एकत्रित सज़ा' लिहितात, आणि त्यातून शिक्षांची बेरीज झाल्यासारखा अर्थ निघतो. तीन वर्षं आणि पाच वर्षं साथ-साथ चालल्या तर माणूस पाच वर्षांनी घरी जातो, एकामागून एक चालल्या तर आठ. कैद्याची आई वकिलाच्या टेबलाशी उभी राहून तोच एक शब्द वाचत असते.

निवडणुकीबद्दल थोडंच. अमेरिकेत उमेदवार 'रन' करतो, इंग्लंडमध्ये 'स्टँड' होतो, आपल्याकडे लढतो. पण मराठीत निवडणूक 'लढवतात' आणि हिंदीत 'चुनाव लड़ते हैं'. 'चुनाव लड़वाया' म्हटलं तर त्याने दुसऱ्याला उभं केलं असा अर्थ होईल.

काही ठिकाणी 'रन' शोधायचाच नाही, पूर्ण वाक्य नव्याने मांडायचं. साठा 'रन आउट' झाला तर 'ख़त्म हो गया', संपत आला असेल तर 'ख़त्म होने को है'. कोणी अचानक भेटलं तर 'बाज़ार में उनसे टकरा गए', आणि हिंदीत यात कोणाला लागलेलं नसतं. गाडीखाली सापडला तर 'कुचल गया'. महामार्ग श्रीनगरपासून नागपूरवरून कन्याकुमारीपर्यंत 'जाता है'. आणि काही ठिकाणी 'रन'ला हातच लावायचा नाही. सुतार लाकूड 'रनिंग फुट'ने मोजतो, रेल्वेचे चालक 'रनिंग रूम'मध्ये विश्रांती घेतात, पाटीवरही देवनागरीत तेच असतं. त्याला 'दौड़ कक्ष' करून कोणाचंच भलं होणार नाही.

व्याकरणाचे दोन-तीन सापळे. 'मी चालत आले' याचं हिंदी 'मैं पैदल आई'. 'चलते आई' ऐकलं की समोरच्याला आपलं गाव कळतं. 'धावत आली'चं 'दौड़ती हुई आई' किंवा 'दौड़कर आई'. 'तिने आणलं'चं 'वह लाई', 'उसने लाया' कधीच नाही, कारण 'लाना'ला 'ने' लागत नाही. 'चलाना'ला लागतं : 'उसने दुकान चलाई'. 'चल दिए' म्हणजे निघाले, 'चल बसे' म्हणजे वारले. एका शब्दाच्या फरकाने घरात सुतक येतं. आणि 'दौड़ना'त 'ड'खाली नुक्ता, म्हणजे टिंब, द्यायला विसरू नका. मराठी टंकनाची सवय असली की तो राहून जातो आणि तपासणाऱ्याची पहिली लाल रेघ तिथेच पडते.

तुम्ही सोबत पाठवलेली तीन वाक्यं आता घेते. मोटर 'रन्स हॉट' याला 'मोटर गरम चलती है' नको. 'अगर मोटर ज़्यादा गरम हो रही हो' असं करा. पंप 'रन्स इन रिव्हर्स' याला 'पंप उल्टा दौड़े' तर नकोच, 'पीछे चले'ही नको, पंप कुठे मागे जात नाही. 'अगर मोटर उल्टी घूम रही हो, तो बिजली बंद करके तीन में से कोई दो तार आपस में बदल दें.' 'बिजली बंद करके' हे मूळ इंग्रजी वाक्यात नाही, वरच्या परिच्छेदात आहे, पण शेतात उभा राहून वाचणारा वरचा परिच्छेद बघत नाही, म्हणून कंपनीला विचारून ते इथे पुन्हा घाला. तिसरं, केबल पाइपच्या कडेने 'रन' करा. त्याला 'केबल को पाइप के साथ-साथ ले जाएँ और थोड़ी-थोड़ी दूरी पर बाँधते जाएँ'. किती अंतरावर बांधायची तो आकडा इंग्रजीत दिलेला नाही. तो अंदाजाने भरू नका, त्यांच्या इंजिनिअरकडून लेखी मागवून घ्या आणि मगच पुस्तिका छापायला सोडा.